तक्रारींचे वाटप

तक्रार करणे हा माझा स्वभाव आहे, असे माझी बायको लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून सांगत आली आहे. त्यामुळे नदीपलीकडून आलेल्या निर्वासितांच्या वस्तीवर एका मदत संस्थेने मला 'तक्रार अधिकारी' म्हणून नेमले, तेव्हा तिला मुळीच आश्चर्य वाटले नाही. "आयुष्यभर फुकट केलंत, आता पगार घेऊन करा," एवढेच ती म्हणाली आणि माझी बॅग भरायला बसली. जरा जास्तच उत्साहाने बसली असे मला वाटले, पण मी तक्रार केली नाही.

त्याआधी मी एका वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहीत असे. ते वर्तमानपत्र बंद पडले. तुमच्या सदरामुळे नव्हे, असे संपादकांनी निरोप देताना सांगितले. जिना उतरताना पुन्हा एकदा सांगितले, तेव्हा मात्र मला शंका आली. मुलगी कॉलेजात होती, आणि माझे वय असे की नवे काही शिकायला उशीर झालेला आणि जुने काही कुणाला नको असलेले. मेहुणा मदत संस्थांच्या जगात वावरणारा. तो म्हणाला, "भावोजी, काम अगदी सोपं आहे. टेबलाशी बसायचं. लोक येतील, तक्रार सांगतील. तुम्ही ऐकायची, कॉम्प्युटरमध्ये टाकायची."

"आणि सोडवायची कुणी?"

"भावोजी, तुम्ही फार पुढचं बघता."

नदीपलीकडे लढाई पेटली तेव्हा माणसे पूल ओलांडून चालत आमच्या देशात आली. बोली आमचीच, फक्त हेल वेगळा. सरकारने सीमेलगतच्या गावाबाहेर माळ दिला, संस्थांनी बाकीचे दिले. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, पाण्याच्या टाक्या, ब्लँकेटे, धान्य, बादल्या. प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचे बोधचिन्ह. आमच्या बादल्यांत पाणी किती मावते यापेक्षा त्यांच्यावर आमचे चिन्ह किती मोठे मावते, याचा विचार अधिक बारकाईने झालेला होता.

माझा कक्ष वस्तीच्या तोंडाशी होता. पत्र्याची शेड, एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर फलक, 'तक्रार करणे हा तुमचा हक्क आहे'. फलकावर तक्रार करणाऱ्या एका बाईचे चित्र होते. इतक्या हसतमुखाने तक्रार करणारी बाई मी घरात कधी पाहिली नव्हती, आणि त्या वस्तीतही पाहायला मिळेना. कारण कुणी येतच नव्हते. माणसे शेडवरून जात, मान लववत, "चहा झाला का?" विचारत आणि पुढे जात. 'गाऱ्हाणेभाऊ' हे टोपणनाव मात्र त्यांनी मला लगेच दिले. म्हणजे मी तिथे कशासाठी बसलो आहे हे त्यांना ठाऊक होते. ठाऊक असून ते येत नव्हते.

शेडच्या सावलीत एक शिंपीण तिचे मशीन घेऊन बसे. संस्थेनेच दिलेले मशीन, त्यावरही आमचे चिन्ह. एकदा मी तिलाच विचारले, "काय हो, इथं सगळं इतकं चांगलं आहे का?"

तिने दातांनी दोरा तोडला. "चांगलं कसं असेल? पण मागं एकदा एक साहेब आले होते, त्यांना आमच्या रांगेतली एक जण बोलून गेली, की टँकर उशिरा येतो. सहज बोलली. दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर. जुना बिचारा तुमच्या गावातला, लहान लहान पोरं त्याची. आमच्या तोंडापायी त्याचं घर बसलं. तेव्हापासून आजींनी सांगून ठेवलंय, जीभ आवरायची."

आजी म्हणजे वस्तीतल्या सर्वांत वयस्कर बाई. त्यांचे म्हणणे वस्तीत कुणी मोडत नसे, आणि त्यांना कुणी निवडूनही दिलेले नव्हते.

इकडे शहरातल्या मुख्य कार्यालयातून मोठ्या बाईंचा फोन आला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रमुख. त्या कधी ओरडत नाहीत, म्हणून त्यांची भीती वाटते.

"शून्य तक्रारी? याचा अर्थ लोकांचा तुमच्यावर विश्वास नाही."

"किंवा कदाचित सगळं ठीक असेल, मॅडम."

"सगळं ठीक असतं तर आपण तिथं कशाला असतो?"

त्या पुढे म्हणाल्या, "मी महिनाअखेर पाहणीला येतेय. चित्र असंच राहिलं तर कक्ष बंद करावा लागेल. तुमची दुसरीकडे सोय होईल असं मी सांगू शकत नाही."

मी फोन ठेवला. शिंपिणीने मशीन थांबवले. "तोंड का उतरलं, गाऱ्हाणेभाऊ?"

लपवण्याचा माझा विचार होता, पण सदर बंद झाल्यापासून मला कुणी तोंडाबद्दल विचारले नव्हते. मी सगळे सांगून टाकले.

"म्हणजे आम्ही तक्रार केली नाही, तर तुमची नोकरी जाणार?"

"हो."

"आणि केली, तर दुसऱ्या कुणाची जाणार."

"तसं काही नसतं हो," मी म्हणालो. पण टँकरवाल्याचे नाव घेण्याचे धाडस मला झाले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दारोदार फिरू लागलो. एका म्हाताऱ्याच्या खोलीत पाणी झिरपल्याचे डाग होते. मला आनंदच झाला. "छप्पर गळतं वाटतं?"

"पाऊस पडला की गळतं. एरवी नाही गळत."

"मग लिहून घेऊ?"

"कशाला? पाऊस थांबला की थांबतं की."

आयुष्यभर लोकांच्या कटकटीवर पोट भरलेला माणूस मी, आणि आता उन्हातान्हात एका कटकटीसाठी पदर पसरून फिरत होतो.

मग एका संध्याकाळी माझ्या खोलीवर शिष्टमंडळ आले. मी गावात एका टायरच्या दुकानावर भाड्याने राहत असे. खोलीला रबराचा वास, खिडकीच्या एका तावदानाला काचेऐवजी पुठ्ठा. शिष्टमंडळात आजी, शिंपीण आणि मास्तर. मास्तर पलीकडे शाळेत हेडमास्तर होते. इथे नुसतेच मास्तर होते, पण चष्म्यावरून बघण्याची पद्धत हेडमास्तरांचीच राहिली होती.

मी चहा टाकला. मास्तर खुर्चीत बसले, बाकी दोघी पलंगावर.

"कुटुंबात माणसं किती?" मास्तरांनी विचारले.

"मी, बायको, मुलगी."

"कमावते?"

"सध्या मी. सध्या."

"आजारी, अपंग, स्तनदा माता?"

"नाही हो. बायकोचे गुडघे दुखतात."

"गुडघे," मास्तर शिंपिणीकडे बघून म्हणाले. तिने मान हलवली. आजी तोवर उठून माझे पांघरूण दोन बोटांत धरून बघत होत्या. "एवढंच का रे बाळा? थंडीत भागतं?" मग त्यांनी डब्याचे झाकण उघडले, आत पाहिले आणि काही न बोलता पुन्हा लावले. ते न बोलणे मला लागले.

"संडास आत की बाहेर?"

"खाली. दुकानदाराबरोबर."

तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

"रात्री झोप लागते?" आता शिंपीण विचारत होती. "छातीत धडधडतं? पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत मन रमतं का?"

"पूर्वी लिहायचो. आता नाही रमत."

"येणाऱ्या दिवसांबद्दल आशा वाटते? खूप, थोडी, की अजिबात नाही?"

"थोडी," मी म्हणालो. चहा उतू गेला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. "अहो, ही तर आमच्याच सर्वेक्षणाची प्रश्नावली!"

"पाठच आहे आम्हाला," मास्तर म्हणाले. "किती वेळा झालं असेल आमचं सर्वेक्षण. आधी पाहणी, मग मदत. अशी पद्धत तुम्हीच घालून दिलीत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही पात्र आहात."

"कशाला?"

"तक्रारींना. उद्यापासून वाटप सुरू करू."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. आजींनी तो हातात घेतला आणि ओळखपाळख नसताना पाऊण तासाची ओळख एका दमात करून टाकली. "अगं पोरी, काळजी करू नको. आम्ही आहोत त्याला. जरा खंगलाय, पण बरा आहे. तुझे गुडघे कसे आहेत?"

फोन माझ्याकडे आला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, बेघर झालेल्या माणसांकडून मदत घ्यायची वेळ आली तुमच्यावर?"

"नको म्हणू का?"

"नका म्हणू. त्यांना वाईट वाटेल. घ्या, आणि घेताना तोंड नीट ठेवा."

सकाळी शेडवर आलो तो रांग लागलेली. मास्तर छत्री टेकवून तिच्या तोंडाशी उभे. "ढकलाढकली नको! घरटी एक तक्रार. मोठं कुटुंब असेल तर दोन. एकानं दुसऱ्याची आणायची नाही, ज्याची त्यानं यायचं!" धान्यवाटपाच्या वेळी आमची माणसे हेच शब्द याच आवाजात ओरडत. ऐकायला इतके अपमानास्पद असतील असे मला तोवर वाटले नव्हते. शेजारणीची तक्रार घेऊन आलेल्या एका बाईला मास्तरांनी परत पाठवले. शेजारीण आजारी असल्याचे कळल्यावर मग मी स्वतः तिच्या खोलीवर जाऊन तक्रार घेऊन आलो. घरपोच सेवा.

आजींनी एकच अट घातली होती, की जिच्यामुळे कुणाच्या पोटावर पाय येईल अशी तक्रार करायची नाही. त्यामुळे पाणीवाला, धान्यवाला, वॉचमन, दवाखान्यातली नर्स सगळे वगळले गेले. उरले काय? पहिल्याने वाऱ्याविरुद्ध तक्रार दिली. वारा नेमका जेवायच्या वेळी सुटतो आणि ताटात धूळ घालतो. दुसऱ्याची कावळ्यांविरुद्ध, त्यांचे वागणे असभ्य आहे. एक जण स्वतःच्या घोरण्याविरुद्ध तक्रार घेऊन आला. बायकोने पाठवले होते, ती मागे उभी राहून मान डोलावत होती. नुकतेच लग्न झालेल्या एकाने सासूची खोली आपल्याच रांगेत असल्याची तक्रार केली, मग मागे वळून पाहिले आणि ती मागे घेतली. शिंपिणीने ऊन लवकर वर येते म्हणून तक्रार नोंदवली, सुईला तापवते म्हणे.

कॉम्प्युटरमध्ये तक्रारींचे विभाग होते. निवारा, पाणी, आरोग्य, आणि 'इतर'. सगळे 'इतर'मध्ये चालले होते. मोठ्या बाईंना ते दिसायला बरे दिसणार नाही, म्हणून मी रांगेला विनंती केली, "पाण्यावर कुणी काही बोलेल का? थोडंसं?"

शेवटी छप्पर गळणारा तो म्हातारा म्हणाला, "पाण्याला चव नाही. आमच्या विहिरीच्या होती."

मी ती 'पाणी'मध्ये टाकली. सोडवता येण्यासारखी नव्हती, पण विभाग बरोबर होता.

महिनाअखेर मोठ्या बाई आल्या. पांढरी गाडी, पांढरी साडी, हातात पाण्याची बाटली. माझ्या खुर्चीत बसून त्यांनी पडद्यावर आकडे पाहिले आणि मी पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिले. "अरे वा. हा बघा विश्वास. केवढं काम केलंत!" मी नम्रतेने फलकाकडे बघितले. "आणि निवारण किती झालं?"

मी फलकाकडेच बघत राहिलो.

त्यांनी एक नोंद उघडली. मग दुसरी. मग बऱ्याच. हसू हळूहळू आवरत गेले. "वारा?"

"हो, मॅडम."

"कावळे?"

"त्यांचा त्रास आहे तसा."

"हे काय आहे ते मी नंतर विचारीन," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण नियमाप्रमाणे बोलायचं, तर इतक्या लोकांनी तुमच्याकडे गाऱ्हाणं घातलं आणि एकाचंही निवारण झालं नाही. हे शून्यापेक्षा वाईट. शून्य तक्रारी असत्या तर मी तुम्हाला आळशी म्हटलं असतं."

पत्र्याची भिंत. बाहेर मास्तर उभे होते. आमच्या शेडमध्ये काय बोलले जाते हे सगळ्या वस्तीला स्वच्छ ऐकू येई, याची तक्रार मात्र कधीच कुणी केली नव्हती. बाहेर कुजबूज झाली, छत्री आपटल्याचा आवाज आला, आणि काही क्षणांत दारात पुन्हा रांग उभी राहिली.

"नमस्कार बाई," वाऱ्यावाला पुढे झाला. "वारा पडला. भाऊंनी लक्ष घातल्यापासून." त्याच वेळी असा वारा सुटला की फलक भिंतीवर फडफडू लागला आणि त्याची टोपी उडाली. त्याने ती हवेत झेलली, डोक्यावर दाबून धरली आणि म्हणाला, "पूर्ण पडला."

"कावळे आता सभ्य झालेत," मागचा म्हणाला.

घोरणाऱ्याची बायको नवऱ्याला बाजूला सारून आली. "एकदम शांत झोपतात. इतके शांत की मी उठून उठून बघते, श्वास चालू आहे ना." सासूवाला जावई तक्रार नसतानाही समाधानी होऊन गेला. मग तो म्हातारा आला. तो मोठ्या बाईंकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नव्हता. टेबलाच्या कडेवर बोट फिरवत म्हणाला, "पाण्याला चव आली."

लाज वाटायला मी एवढा वेळ का घेतला कोण जाणे, पण त्या वाक्याला मला टेबलाखाली जावेसे वाटले. विनोदी लेखकाला असे क्षण मानवत नाहीत.

रांग संपेपर्यंत मोठ्या बाईंनी प्रत्येकाचे ऐकले, मान हलवली, आभार मानले. मग मला विचारले, "तुम्ही या लोकांना काय दिलंत?"

"काहीच नाही, मॅडम."

"ते दिसतंच आहे." त्यांनी बाटलीचे झाकण लावले. "कक्ष चालू राहील. एवढी माणसं एका टेबलासाठी उन्हात उभी राहून खोटं बोलली, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं नाही. टेबलासाठी म्हणाले मी, तुमच्यासाठी म्हटलं नाही." गाडीत बसता बसता त्या थांबल्या. "आणि यांच्याकडून एक तरी खरी तक्रार मिळवून दाखवा."

संध्याकाळी मी बायकोला फोन केला. "राहिली नोकरी."

"बरं झालं," ती म्हणाली. "त्यांचे आभार मानलेत का?"

"बिस्किटं आणली होती. मास्तर म्हणाले, आधी पाहणी करून या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत मागे रेलून बसलो होतो. नोकरी वाचलेला माणूस जसा बसतो तसा. शिंपीण आली आणि टेबलासमोरच्या खुर्चीवर बसली. ती तिथे कधी बसत नसे.

"आता नको हो," मी हसून म्हणालो. "वाटप संपलं. मला पुरेशा झाल्या."

"ही खरी आहे."

मी सरळ बसलो.

"शेवटच्या रांगेमागं बायकांचे संडास आहेत ना, तिथला दिवा गेलाय. अंधार पडला की आम्ही हात धरून, चौघी-पाच जणी मिळून जातो. कुंपणापलीकडं कोण कोण उभे असतात. पोरी तर दुपारनंतर पाणीच पीत नाहीत."

"कधीपासून?"

"तुमच्या पाहणीचा फोन आला, त्याच्याही आधीपासून."

"अहो, मग सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला. "मी दारोदार भीक मागत फिरत होतो! वारा घेतला मी, कावळे घेतले! एवढी खरी तक्रार घरात ठेवून मला ऊन देता तुम्ही?"

"ओरडू नका, भाऊ." ती शांतच होती. "वाऱ्याचं काही झालं नाही तर कोण विचारणार होतं? पण ही दिली असती आणि तुमच्याच्यानं सुटली नसती, तर तुमच्या नावावर बसली असती. आजी म्हणाल्या, आधी याचं मार्गी लावू, मग आपलं बघू. सगळ्या जणी हो म्हणाल्या."

मी कॉम्प्युटरकडे वळलो. सवयीने बोट 'इतर'वर गेले होते. ते मागे घेतले. कुठे टाकायची ते कळेना. निवारा नव्हे, पाणी नव्हे, आरोग्य तर मुळीच नव्हे. शेवटी मी कॉम्प्युटर तसाच सोडला आणि उठलो. "चला, वायरमनकडे जाऊ."

"त्याचं नाव नाही यायला पाहिजे हं," ती उठता उठता म्हणाली. "त्याला आत्ताच बाळ झालंय."

वायरमन जनरेटरच्या खोलीत होता. माझे ऐकून तो चक्रावला. "दिवा गेलाय? मला कुणी बोललंच नाही! बल्ब भांडारात पडलेत की. पण भांडारवाला तक्रार क्रमांकाशिवाय देत नाही."

"क्रमांक कोण देतं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. शिंपिणीने पदर तोंडाशी नेला.

"मी देतो," मी म्हणालो.

"मग द्या की राव!"

मी शेडपर्यंत पळत गेलो. या वयात मी पळतो तेव्हा बघणाऱ्याला तो पळण्याचा प्रकार आहे हे सांगावे लागते. क्रमांक आणला, भांडारवाल्याने बल्ब दिला, आणि दिवस मावळायच्या आत वायरमन शिडीवर होता. शिडी मी धरली होती. त्याहून जबाबदारीचे काम मला द्यायला कुणी तयार नव्हते. होल्डरमध्ये गंज होता, तो खरवडायला वेळ लागला. तोवर बायका, मुली जमल्या. आजी काठी टेकत येऊन खाली उभ्या राहिल्या.

दिवा लागला. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. दोन मुली लगेच आत गेल्या, एकट्या एकट्या.

आजींनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिले. बराच वेळ पाहिले. "जरा पिवळा आहे," त्या म्हणाल्या.

माझी शिडीवरची पकड सुटता सुटता राहिली. वर वायरमनचा चेहरा पडला. "आजी," मी हळूच विचारले, "लिहून घेऊ?"

"घे की," त्या म्हणाल्या. "पण आधी त्याला खाली उतरू दे. शिडी नीट धर, पडेल बिचारा."